कॉलेजात एक्स्ट्रोव्हर्ट, ऑफिसात इंट्रोव्हर्ट, मग खरा मी कोणता?

तुझा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून आता जेवणं आटोपून निवांत लिहून राहिले. तू म्हटलं तर चालेल ना, वय २४ लिहिलंयस, माझा मुलगा तुझ्याहून एका वर्षानं मोठा आहे.

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी होस्टेलवर मित्रांसोबत नेटवरची फुकट टेस्ट दिली, तेव्हा ईएनएफपी आलं, म्हणजे बोलका, माणसांत रमणारा. आता नागपूरच्या मिहानमधल्या कंपनीत दोन वर्षं झालीत, तिथे एचआरनी वर्कशॉपमध्ये टेस्ट घेतली तर आयएसएफजे आलं, म्हणजे अबोल, मागे राहून नीट काम करणारा. त्यातच मॅनेजरनी तुला क्लायंटशी थेट बोलायचं काम देऊ केलंय. टीममधली सिनिअर म्हणते तू इंट्रोव्हर्ट आहेस, तुला झेपणार नाही, आई म्हणते तू लहानपणापासून लाजाळूच. आणि तू विचारलंस, कोणती टेस्ट बरोबर, आणि हे काम घेऊ की नको. शेवटी एक वाक्य लिहिलंस ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ‘एकदाचं कळलं की मी कोण आहे, तर त्याप्रमाणे ठरवीन.’

मला वाटतं खरी अडचण ह्या वाक्यातच आहे. दोन टेस्टपैकी खरी कोणती हे तुला कळलं तरी तुझं काम अडलेलंच राहील, कारण तुला पाहिजे आहे कोणाचातरी शिक्का, की हो घे, किंवा नको घेऊ, आणि तो शिक्का देणं हे ह्या टेस्टचं कामच नाही. मी १९ वर्षांपासून धरमपेठेत समुपदेशन करते, ह्या टेस्ट मी स्वतः घेते आणि माझा त्यांना विरोध नाही. पण टेस्ट काय सांगते आणि काय सांगत नाही हे नीट समजलं नाही तर माणूस त्या चार अक्षरांमागे फरफटत जातो, असे कितीतरी जण माझ्यासमोर बसलेत.

एक प्रसंग सांगते (ओळखीच्या खुणा बदलल्यात). उमरेडकडची एक मुलगी आली होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, वडील बाहेर बाकावर बसलेले. मी तिला पन्नास वाक्यांची प्रश्नावली दिली, प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे, अजिबात लागू नाही इथपासून पूर्ण लागू इथपर्यंत. पहिलंच वाक्य, त्याचं मराठी मी असं केलं होतं, ‘चार लोक जमले की माझ्यामुळे मजा येते.’ मूळ इंग्रजीत ते पार्टीबद्दल आहे, पण उमरेडच्या मुलीला पार्टी म्हटलं तर ती काय डोळ्यासमोर आणणार, म्हणून मी ते बदललं होतं. पेन हातात धरून ती दोन मिनिटं तशीच बसली. मग मला विचारते, ‘मॅडम, घरचं लिहू का कॉलेजातलं?’

मी म्हटलं का गं, फरक आहे का? तर म्हणे ताईच्या हळदीला सगळ्या बायकांना नाचायला मीच उठवलं, आजीलाही ओढून आणलं, घरी माझ्याशिवाय कोणाचं पान हलत नाही, पण वर्गात माझं तोंड उघडत नाही, सगळे इंग्लिश मिडियमचे आहेत, एकदा मी काहीतरी बोलली तर मागचे हसले. हे सांगून झाल्यावर तिनं काय केलं माहिताय? तीनावर गोल केला. मधला आकडा.

आता तो तीन बघ. टेस्टच्या हिशेबात ही मुलगी मध्यम बोलकी निघाली. प्रत्यक्षात मध्यम बोलकी अशी ती कुठेच नाही, घरी पाच आहे आणि वर्गात एक आहे, आणि त्या दोघांची सरासरी काढून तिनं कागदावर तीन लिहिलंय. माझ्या कामाचं सगळं मोल तिच्या प्रश्नात होतं, त्या आकड्यात काहीच नव्हतं. पुढचे तीन महिने आम्ही ‘मागचे हसले’ ह्याच्यावरच काम केलं.

तुझ्या बाबतीतही हेच झालेलं असायची शक्यता मला जास्त वाटते. टेस्टला तू दिसत नाहीस, तिला फक्त तुझी उत्तरं दिसतात. होस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता मित्र बाजूला बसलेले असताना ‘मला लोकांत राहायला आवडतं’ हे वाक्य वाचलं की डोळ्यासमोर तेच मित्र येणार. ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये, एचआर समोर उभी, निकाल मॅनेजरकडे जाणार हे माहीत असताना तेच वाक्य वाचलं तर डोळ्यासमोर मीटिंग येणार. दोन्ही उत्तरं खरी. प्रश्न एकच दिसत असला तरी तुझ्या डोक्यात तो दोन वेळा वेगळा विचारला गेला.

आता ह्या चार अक्षरांबद्दल थोडं, कारण लोक त्यांना रक्तगटासारखं समजून राहिलेत. कार्ल युंग ह्या स्विस मनोविकारतज्ज्ञानं १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर पुस्तक लिहिलं. ते वाचून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स ह्या मायलेकींनी प्रश्नावली बनवायला घेतली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कारखान्यात नव्यानं कामाला येणाऱ्या बायकांना आपल्याजोगतं काम सापडावं हा त्यामागे हेतू होता. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. १९६२ मध्ये ती छापून आली, तीच एमबीटीआय. मेहनत प्रामाणिक होती, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्यात एक मोठी गोची आहे, ती म्हणजे मधोमध मारलेली रेघ.

समज मी नागपूरच्या सगळ्या दिवसांचे दोनच प्रकार केले, तीस डिग्रीच्या वर गेला की गरम दिवस, खाली राहिला की थंड दिवस. मग एकतीस डिग्रीचा दिवस आणि नवतपातला शेहेचाळीस डिग्रीचा दिवस एकाच डब्यात, आणि एकोणतीस आणि एकतीस, ज्यांच्यात आपल्याला फरकही जाणवत नाही, ते दोन वेगळ्या डब्यांत. बोलकेपणाचंही अगदी असंच आहे, अगदी टोकाची माणसं थोडी असतात, बहुतेक जण मध्यावर गर्दी करून असतात. तू रेघेच्या जवळ असशील तर दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली की ई चा, म्हणजे एक्स्ट्रोव्हर्टचा, आय, म्हणजे इंट्रोव्हर्ट होतो. पाच आठवड्यांनी तीच टेस्ट परत दिली तर बऱ्याच जणांचं किमान एक अक्षर बदलतं, हे संशोधनात वारंवार दिसलंय. तुझी तर मध्ये दोन वर्षं गेलीत.

आणखी एक, तू कॉलेजात दिलेल्या टेस्टच्या निकालात अक्षरांपुढे छोटी रेघ आणि टी असं होतं म्हणतोस ना, ती म्हणजे सिक्स्टीन पर्सनॅलिटीज ही वेबसाइट असणार. त्यांनी अक्षरं एमबीटीआयसारखी ठेवलीत पण खालचा हिशेब वेगळा आहे, तो गुणांच्या मोजपट्टीच्या पद्धतीवर बेतलाय. म्हणजे कंपनीनं खरी एमबीटीआय दिली असेल तर तू दोन वेगवेगळ्या काट्यांवर वजन करून आकडे का जुळत नाहीत असं विचारून राहिलास. आणि एमबीटीआयचे प्रकाशक स्वतःच सांगतात की ही टेस्ट नोकरीसाठी निवड करायला किंवा कोणाला नाकारायला वापरू नये. तुझ्या सिनिअरला हे प्रेमानं सांगायला हरकत नाही.

मग प्रश्न येतो, की एवढं असूनही तो निकाल वाचताना ‘अरे हा तर मीच’ असं काहून वाटतं? बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९४८ मध्ये आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचा निकाल दिला आणि विचारलं, हे तुमच्याशी कितपत जुळतं, शून्य ते पाच मार्क द्या. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिलेला होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. त्यातलं एक वाक्य साधारण असं होतं की कधी तुम्ही मोकळे, माणसांत मिसळणारे असता, तर कधी अबोल आणि सावध. बघ, तुझा सगळा प्रश्नच त्या वाक्यात आहे, आणि तो कागद वर्गातल्या बहुतेकांना स्वतःचाच वाटला होता. आपल्याकडे ‘तो वृश्चिकेचा आहे, मनात धरून ठेवतो’ म्हणतात, तिथेही हेच होतं, एकदा शिक्का बसला की जुळणाऱ्या दहा गोष्टी आठवतात आणि न जुळणाऱ्या वीस निसटून जातात. टेस्ट माझ्या हातात असते तेव्हा मला स्वतःला हे दर वेळी आठवावं लागतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, विषय थोडा बाजूला जातोय. मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन त्यावरून स्वभाव, बुद्धी, करिअर सगळं सांगणारी डीएमआयटी नावाची टेस्ट आहे. पालक काही हजार रुपये मोजून जाडजूड रंगीत रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात, आणि मूल खाली मान घालून बसलेलं असतं, कारण रिपोर्टमध्ये लिहिलंय ह्याचा गणिताचा कल कमी. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटात असतानाच तयार होतात, त्यांचा गणिताशी, बोलकेपणाशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनंही तसं जाहीर सांगितलंय. प्रश्नावलीत निदान मुलाला काहीतरी विचारलेलं तरी असतं, इथे त्याला तोंडही उघडू दिलेलं नसतं. कृपा करून कोणी ह्याच्यावर पैसे घालू नका.

बरं, आता चांगलं काय आहे तेही सांगते. संशोधनात आज जास्त विश्वास आहे तो पाच गुणांच्या मोजपट्टीवर, ज्याला बिग फाइव्ह म्हणतात. तिची सुरुवात भाषेतून झाली, १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट ह्या दोघांनी इंग्रजी डिक्शनरीतून माणसांचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द काढले, विचार असा की माणसांना एकमेकांतला जो फरक महत्त्वाचा वाटतो त्याला भाषेत शब्द असतोच. पुढच्या काही दशकांत अनेकांनी ते गाळत, एकत्र करत आणत शेवटी पाच मोठे गट उरले, नव्याची ओढ, नेटकेपणा, बोलकेपणा, जुळवून घेण्याची वृत्ती आणि काळजी करण्याचा स्वभाव. इथे तू अमुक प्रकारचा असं कोणी म्हणत नाही, बाकी लोकांच्या तुलनेत तू ह्या पट्टीवर कुठे उभा आहेस एवढंच सांगतात. तो उमरेडच्या मुलीचा कागदही ह्याच जातीचा होता, म्हणजे ह्या पट्टीलाही ‘घरचं का कॉलेजातलं’ हा प्रश्न सुटलेला नाहीच. पण निदान ती तुला डब्यात टाकत नाही.

आणि स्वभाव बदलतो का, तर हो, हळूहळू बदलतो. वर्षानुवर्षं त्याच त्या लोकांचा मागोवा घेणारे ९२ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात दिसलं की वय वाढतं तसा साधारणपणे माणसांचा नेटकेपणा वाढतो, मन जास्त स्थिर होत जातं, आणि विशीपासून चाळिशीपर्यंत हा बदल जास्त दिसतो. तेव्हा आई म्हणते ते खोटं नाही, तिनं सहा वर्षांचा तू पाहिलाय, पाहुणे आले की दाराआड लपणारा. पण ती त्या मुलाबद्दल बोलून राहिली, मिहानला रोज बसनं जाणाऱ्या तुझ्याबद्दल नाही.

एवढ्यात काय झालं ते एका दमात सांगते, मग पुढे जाऊ. तुझ्या दोन्ही टेस्ट आपापल्या जागी खऱ्या असू शकतात, अक्षर बदललं म्हणजे माणूस बदलला असं नाही, आणि निकाल ओळखीचा वाटला म्हणजे तो अचूक आहे असंही नाही. काम घ्यायचं की नाही, हे ह्यातून ठरत नाही.

ते कशावरून ठरेल? इथे मला तुझ्याबद्दल एक गोष्ट माहीत नाही आणि बरंचसं तिच्यावरच अवलंबून आहे. इंट्रोव्हर्ट असणं, लाजाळू असणं आणि घाबरणं ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण तिन्हीला एकच शब्द वापरतो. इंट्रोव्हर्ट माणूस क्लायंटशी तासभर छान बोलतो, फक्त नंतर त्याला थोडा वेळ एकटं बसावंसं वाटतं. माझ्या ओळखीचे काही उत्तम वकील आणि शिक्षक अगदी असे आहेत. लाजाळू माणसाला बोलायचं असतं पण पहिली पाच मिनिटं जड जातात, नंतर गाडी रुळावर येते, आणि सरावानं ती पाच मिनिटं दोन होतात. घाबरणाऱ्याचं वेगळं आहे, त्याला आदल्या रात्रीपासून झोप नसते, कॉलच्या आधी छातीत धडधड, पोटात गोळा, आणि नंतर दोन दिवस ‘मी काय मूर्खासारखा बोललो’ हेच डोक्यात. तू पहिल्या दोघांपैकी असशील तर काम घ्यायला काहीच अडचण नाही. तिसरा असशील तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊ नको, त्याच्यावर उपचार आहेत, चांगले आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञाकडे जा, आणि लगेच कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन फुकट आहे. ‘मी तर इंट्रोव्हर्टच’ असं म्हणत भीती सहन करत दहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिलीत, त्या वर्षांचं फार वाईट वाटतं.

हे ओळखायचं कसं, तर टेस्टचाच उपयोग करून घे, पण वेगळ्या रीतीनं. बोलकेपणाची दहा वाक्यं घे, कुठल्याही चांगल्या फुकट बिग फाइव्ह प्रश्नावलीतली चालतील. एकदा ‘ऑफिसात’ हा शब्द प्रत्येक वाक्याच्या आधी लावून भर, एकदा ‘जवळच्या लोकांत’ हा शब्द लावून भर. रविवारी सकाळी बसून भर, ऑफिसातून थकून आल्यावर नको. मग दोन्ही कागद बाजूबाजूला ठेव आणि जिथे दोन आकड्यांचा फरक पडलाय तिथे खूण कर. बेरीज करूच नको. ज्या वाक्यांवर खूण झाली त्यांच्यात काय सारखं आहे ते बघ. अनोळखी माणसं? इंग्रजी? सिनिअर लोक? कोणीतरी चूक काढेल ही शंका? माझा अनुभव असा की साधारण तिसऱ्या-चौथ्या खुणेशी माणूस थांबतो आणि म्हणतो, ‘अच्छा, असं आहे होय.’

तोच कागद तुझ्या भावाला किंवा होस्टेलच्या मित्राला दे आणि तुझ्याबद्दल भरायला सांग. ह्यावर सिमिन वझीर ह्या संशोधिकेचं २०१० मधलं काम मला फार उपयोगी पडतं. आतल्या गोष्टी, म्हणजे काळजी, धाकधूक, ह्या आपल्या आपल्यालाच जास्त कळतात, पण हुशारी, कल्पकता ह्यासारख्या गोष्टी, जिथे आपलं स्वतःबद्दलचं मत भीड किंवा अभिमानानं वाकडं होतं, तिथे जवळचे मित्र आपल्यापेक्षा बरोबर सांगतात. म्हणून कॉलमध्ये तुला किती भीती वाटते हे सिनिअरला विचारू नको, ते तुलाच माहीत. पण क्लायंटला गोष्ट समजावून सांगायची अक्कल तुला आहे की नाही हे मॅनेजरला विचार. त्यानं काहीतरी पाहिलं असेल म्हणूनच तुझं नाव घेतलं ना.

तू एनसीसीत होतास आणि एकदा एसएसबीलाही (सैन्यातले अधिकारी निवडायची चाचणी) जाऊन आलास असं लिहिलंयस, मग तुला हे पटेल. तिथे चित्र बघून गोष्ट लिहायला लावतात, साठ शब्द देतात आणि एकेका शब्दाला पंधरा सेकंद, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. मुलाखत असते, आणि मैदानावर गटात फळ्या, दोर, ड्रम घेऊन अडथळा पार करायला लावतात, सगळं मिळून पाच दिवस चालतं. कारण कागदावर माणूस जे लिहितो आणि मैदानावर जे करतो ते जुळतं का हे त्यांना बघायचं असतं. तू इथे मैदानावर न उतरता नुसत्या कागदावरून निकाल लावून राहिलास.

म्हणून मॅनेजरला हो किंवा नाही असं काही सांगूच नको अजून. असं म्हण, ‘सर, मला तीन महिने करून बघायचं आहे, सुरुवातीला आठवड्यात एक कॉल, पहिल्या दोन-तीन कॉलला तुम्ही किंवा कोणी सिनिअर सोबत बसा.’ बहुतेक मॅनेजर ह्याला नाही म्हणत नाहीत, आणि म्हणालाच तर त्या कामाबद्दल तेही तुला आधीच कळेल. प्रत्येक कॉल झाला की वहीत तीन ओळी लिही, आधी कसं वाटत होतं, दहाव्या मिनिटाला कसं वाटलं, रात्री झोपताना कसं वाटलं. मधली ओळ विसरू नको, लोक आधीचं आणि नंतरचं लिहितात आणि प्रत्यक्ष बोलताना काय झालं तेच राहून जातं, आणि लाजाळू आणि घाबरणारा ह्यांच्यातला फरक बरेचदा त्या दहाव्या मिनिटालाच दिसतो.

बारा कॉल होतील तोवर. मग ती वही आणि ते दोन कागद घेऊन परत इथे लिही, मी वाट बघते.